पापडांच्या डब्यातल्या तीन लेन्स

तेलीबाग, लखनऊ
गुरुवार, दुपार

अहो,

पत्राच्या वर 'प्रिय' लिहितात. पण एकतीस वर्षांत मी तुम्हाला 'अहो' सोडून दुसरी हाक मारली नाही, आता नवीन काय मारू? त्यातच सगळं आलं असं समजा.

लिहायला बसले ती त्या डब्यापायी. माझा पापडांचा डबा, जो तुम्ही मला न विचारता उचललात आणि लेन्स ठेवायला घेतलात. झाकण घट्ट बसतं म्हणून. मी आठ दिवस तुमच्याशी धड बोलले नव्हते, आठवतं? तुम्ही गेल्यापासून तो कपाटात वरती होता आणि मी त्याला हात लावला नव्हता. गेल्या आठवड्यात काढला तर लेन्सना ओल लागू नये म्हणून ठेवलेल्या पुरचुंडीतले निळे दाणे सगळे गुलाबी झालेले. गुलाबी झाले की ओल पिऊन भरले, मग तव्यावर भाजून परत निळे करायचे, हे तुम्ही मला शंभरदा सांगितलं. आणि शंभरदा मी म्हटलं, माझ्या तव्यावर नाही.

डबा काढला तो सक्सेनाजींमुळे. तुमचे फोटोवाले दोस्त, दुसरे कोण. चहा घेतला, इकडचं तिकडचं झालं, मग हळूच म्हणाले, "भाभीजी, बुरा मत मानिएगा, पर शीशा बंद पड़ा रहे तो फंगस लग जाती है. एक निशानी आप रख लीजिए, बाकी दो हमारे ग्रुप में चलने दीजिए." बरोबरच आहे त्यांचं. वापरणारे हात तरी मिळतील. शनिवारी येतो म्हणाले, तोवर ठरवून ठेवा.

काय ठरवू मी? तीन काळी नळकांडी. पस्तीस, पन्नास, पंच्याऐंशी मिलिमीटरची. यांच्यात झूम नाही, जवळचं हवं तर आपणच पायांनी जवळ जायचं, एवढंच मला माहीत. आणि तुमचा तो नियम माहीत, एका दिवशी एकच लेन्स. सकाळी एक लावायची, बाकीच्या दोन डब्यात, मग दिवसभर कितीही चुटपुट लागो. "पस्तीस लावली की माणसांत शिरावं लागतं, पंच्याऐंशी लावली की बाजूला सरकावं लागतं. रोज एकच जमतं गं." असं तुम्ही दाढी करता करता सांगायचात आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजत हो हो म्हणायची.

पहिल्यांदा मी पंच्याऐंशीच ठेवणार होते. माझे सगळे फोटो तिनंच काढलेले ना? घरात ती मावायची नाही. दहा बाय बाराची आपली बैठक, तुमची पाठ भिंतीला लागायची, तरी मी अर्धीच दिसायची. म्हणून तुम्ही बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचात आणि तिथून, बैठकीच्या आरपार, ओट्यापाशी बसलेली मी. भाजी निवडताना, नाहीतर फोनवर बहिणीशी बोलताना. पण म्हटलं, तुमच्या नियमानं एकेक दिवस एकेक लावून बघू, मग ठरवू.

पंच्याऐंशी घेऊन सब्जीमंडीत गेले. समोरच्या फुटपाथवर उभी राहिले आणि पाहिलं, तर भाजीवाल्या बाईच्या कानातलं दिसत होतं, एवढी ती जवळ. आणि तिला माझा पत्ताच नाही. तासभर उभी होते. कोणी विचारलं नाही की बाई, काय करताय? घरी आले, कुलूप काढलं, दिवा लावला. दिवसभरात मी एकही शब्द बोलले नव्हते. रोजचंच आहे म्हणा, पण त्या दिवशी ते मोजल्यासारखं झालं.

पन्नास लावून गच्चीवर गेले आणि दोरीवरचे कपडे काढून खाली आले. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

पस्तीस लावून चारबागला गेले. तुम्ही दर इतवारी तिथं जायचात म्हणून. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्यांची कलकल, माणसाला माणूस धडकतोय, आणि मी तिथं कॅमेरा गळ्यात अडकवून उभी, बावळटासारखी. या लेन्समधून सगळं लांबच लांब. नुसती गर्दी, चेहरा एकही नाही. पुढं जायला हवं ते कळत होतं, पण पाय उचलेना.

तेवढ्यात एक म्हातारे कुली आले. कॅमेऱ्याचा पट्टा ओळखला त्यांनी, तो तुम्ही लाल दोऱ्यानं शिवलेला. म्हणाले, "ये तो भाईसाहब का है. आप उनकी मिसेज हैं?" तुम्ही गेलात हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. मग खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक फोटो काढला. त्यांचाच, तुम्ही काढलेला. इतक्या जवळून की भुवईतले पांढरे केस मोजून घ्यावेत. आणि हसत होते हो ते त्यात. म्हणाले, "इतना पास आ जाते थे कि हम कहते, पहले चाय पी लीजिए, फिर खींचिएगा."

मीही तिथं चहा घेतला. पण खरं सांगू? राग आला होता मला तुमचा. चारबागच्या कुलीला पस्तीस, आणि घरच्या बायकोला पंच्याऐंशी? परक्यांच्या खांद्याला खांदा लावून बसायचं आणि मला बाल्कनीतून बघायचं? काहून? मी काय खाणार होते तुम्हाला?

प्रज्ञाचा बेंगळुरूहून फोन आला तेव्हा मी तिच्यापुढे हेच सगळं ओकले. तुमची लेक, मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते, अजून तसंच आहे. म्हणाली, "आई, आप ही तो हाथ आगे कर देती थीं. बाबा पास आए नहीं कि पल्लू मुँह पे. वो मुझसे कहते थे, तेरी आई पास से फोटो में आती ही नहीं, उसका सिर्फ हाथ आता है."

फोन ठेवल्यावर मी जुन्या प्रिंट काढून बसले. खरंच आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातल्या जवळून काढलेल्या नऊ-दहा फोटोंत माझा पंजा आहे. नुसता पंजा, बांगड्यांसकट. "जा ना, काहीतरीच काय," असं म्हणत मी तुम्हाला लोटलं होतं, आणि तुम्ही खरंच मागे सरकलात. आधी भिंतीपर्यंत, मग दारापर्यंत, मग बाल्कनीत. एकदाही भांडला नाहीत त्यावरून. भांडायचं होतं हो. पापडाच्या डब्यावरून भांडण होतं, यावरून नाही?

आणि बाल्कनीतून काढलेल्या फोटोंत मी किती बरी दिसते. मला माहीतच नव्हतं मी मेथी निवडताना अशी स्वतःशी हसते. मला हे कधी सांगितलं का नाहीत? सांगितलं असतं तर मी हसायची थांबले असते, हेही खरंच.

आज सकाळी एक काम केलं. तुमची खुर्ची होती तिथं बाल्कनीत मांडली. तिच्यावर दोन उश्या, त्यावर कॅमेरा, पंच्याऐंशी लावून. ओट्यापाशी माझ्या जागी डबा ठेवला आणि त्याच्यावर फोकस केला, तुम्ही प्रज्ञाला शिकवलं होतं तसं. मग दहा सेकंदांचा टायमर लावून, या गुडघ्यांनी धावत जाऊन डब्याशेजारी बसले. धाप लागली होती. पण हात खाली ठेवले आणि सरळ बाल्कनीकडे बघितलं.

फोटो चांगला आला आहे. मी आहे, डबा आहे, दोघंही स्वच्छ. पहिल्यांदाच मी त्या लेन्सकडे बघते आहे, आणि तिच्यामागे कोणी नव्हतं. खूप रडले. मग तवा ठेवला आणि दाणे भाजले. हो, माझ्याच तव्यावर. हळूहळू निळे झाले.

तर ठरलं. शनिवारी सक्सेनाजींना पन्नास आणि पंच्याऐंशी देणार. पंच्याऐंशी जाईल याचं वाईट वाटतं. पण मला लांबून न्याहाळणारं आता कोणी नाही, आणि लांबून बघत उभं राहायला माझ्याकडे एवढे दिवस उरले नाहीत. पस्तीस ठेवते.

रविवारी तुम्हाला जाऊन वर्ष होतं. पुण्यानुमोदनाला चिनहटहून मेश्राम वहिनी आणि त्यांच्याकडची सगळी येतील, आपल्या गल्लीतले दोघं-तिघं येतील, प्रज्ञा येते आहे. त्या कुलीबाबांनाही बोलावलं आहे, चारबागहून येतो म्हणाले. वंदना झाली, जेवणं झाली की मी प्रत्येकाच्या पुढ्यात जाऊन बसेन आणि जवळून फोटो काढेन, हे माझं तुम्हाला वचन. आणि प्रज्ञानं कॅमेरा माझ्याकडे वळवला, तर हात मांडीवर ठेवेन.

तुमचीच,
पंजेवाली सुजाता