घराला दहापैकी दहा

पुणे, मंगळवार

प्रिय आई,

जयभीम. तुझ्या पाया पडून लिहायला बसले आहे.

मी ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतं. कामगारांची काळजी घ्यायची म्हणून कंपनीने एक फॉर्म भरून घेतला. तब्येत, मन, घर, प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. घराला मी दहा दिले. परक्यासमोर घरचं उणं कसं काढायचं? कोणी विचारलं की "बरं हाय" म्हणायचं, हीच आपली सवय.

आता त्याच फॉर्मवरून घरच्या आजारपणासाठी रजा देत आहेत आणि यादीत माझं नाव नाही. माझ्यासोबत काम करणारी खामगावची छाया म्हणाली, "काऊन वं, घराले धा पैकी धा? परीक्षा होती काय?" मीही हसले, पण तेव्हापासून कशातच लक्ष लागत नाही.

वीस तारखेला तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन. प्रसेनजितदादा दुकान बंद ठेवून थांबेल ना? डोळ्यात थेंब कोण घालेल? फोनवर तू "मले काई त्रास नाई" म्हणतेस, पण मला ते आता खरं वाटत नाही.

उद्या साहेबांकडे जाऊन दहा खोडते आणि तीन लिहिते. खाली तुझं नाव आणि कारणही लिहीन. रागावू नकोस. रजा मिळो न मिळो, अठरा तारखेच्या गाडीने मी निघते आहे.

तुझीच,
रेणुका