अर्ज किती दिवस जपावा

तीर्थरूप मामांच्या चरणी धाकट्या भाच्याचा दंडवत.

मामींचा गुडघा आता कसा आहे? तुमच्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक येतंय ना? (एरवी मी सहा-सहा महिने पत्र लिहीत नाही हे खरं, पण म्हणून याचं काहीतरी काम अडलंय असा अर्थ लगेच काढू नका.)

इकडे ऑफिसात सध्या एकच प्रश्न गाजतोय: नोकरीसाठी आलेले अर्ज किती दिवस ठेवायचे? कुणाला तोंडावर नाही म्हणायची आमच्याकडे पद्धतच नाही. ‘आपला अर्ज जपून ठेवला आहे’ असं छापील पत्र धाडतो आणि खरोखरच जपतो. वीस वर्षांचे अर्ज तीन कपाटांत कोंबलेत, आणि चौथ्या कपाटाचा पाय मोडल्यामुळे ते गठ्ठ्यांवरच उभं आहे. मागच्या महिन्यात त्यातल्या एका गृहस्थांना मुलाखतीला बोलावलं. ते काठी टेकत आले. मुलाखत झकास झाली. दुसरीकडे नोकरी करून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती, एवढीच काय ती अडचण.

नव्या मॅडमनी कपाळावर हात मारला आणि बैठक घेतली. हेडक्लार्क म्हणाले, अर्जदार हयात आहे तोवर ठेवावेत. (त्यांना फाडायचा कंटाळा.) टायपिस्टबाई म्हणाल्या, नोकरी मिळाली नाही हे अर्जदाराला आठवड्यात समजतं, आपल्यालाच वीस वर्षं लागतात. या बाईंना बैठकीला बोलावतं कोण, देव जाणे! शेवटी ठरलं की न घेतलेल्यांचे अर्ज वर्षभर ठेवून फाडायचे, आणि नोकरीत असलेल्यांचे कायम ठेवायचे, पण मजकूर पडताळून. खोटं कशाला जपायचं, म्हणे! निवडायचं काम अर्थातच माझ्यासारख्या विश्वासू माणसाच्या गळ्यात.

तीन दिवस शिंकून शिंकून जीव नकोसा झाला. चौथ्या दिवशी माझाच चौदा वर्षांपूर्वीचा अर्ज हाती लागला. काय अक्षर होतं हो माझं! मॅडमनी तो माझ्या हातातूनच घेतला. बाकी सगळं ठीक.

आपला लाडका (निदान कालपर्यंत) भाचा

ता. क. त्या अर्जात मी ‘मामांच्या सायकल कारखान्यात तीन वर्षे व्यवस्थापक, हाताखाली बावीस कामगार’ असं लिहिलंय. मॅडम सोमवारी तुम्हाला फोन करतील. फक्त ‘हो’ म्हणा, मामा, माझी नोकरी तुमच्या हातात आहे. बावीस जड जात असतील तर बारा म्हणा. मामींना आधी पढवून ठेवा, फोन त्याच उचलतात.

आणखी ता. क. सहा वर्षांपूर्वी दुकान चालत नव्हतं तेव्हा तुम्ही आमच्याकडे अर्ज केला होतात. साहेब नाही म्हणाले असं मी सांगितलं, ते खोटं. तुम्ही इथे आलात तर माझं बिंग फुटेल म्हणून मीच तो कपाटाच्या तळाशी सारला. चुकलो, मामा. हवं तेवढं रागवा, पण सोमवारनंतर.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवत होतो तोच मॅडमनी बोलावलं. तुमचा अर्ज त्यांना सापडला. त्यात तुम्ही लिहिलंय, ‘दुकान तीस वर्षे एकट्याने चालवले. मध्यंतरी भाचा होता, तीन आठवडे. हवा भरण्यापलीकडे उपयोग नाही.’ तेव्हा फोनची गरज उरली नाही. इतकं खरं लिहिणारा माणूस वीस वर्षांच्या अर्जांत पहिलाच, म्हणाल्या. सोमवारी तुम्हाला मुलाखतीला बोलावलंय. एक जागा रिकामी होतेय, म्हणे. निघताना दुकानाची किल्ली मामींकडे ठेवा. सोबत माझा अर्ज जोडला आहे. लगेच जमलं नाही तरी जपून ठेवा.