आंब्याच्या पाटीवरली चिलटं

वैशाख, शनवार

चिलटं काही जाईनात. लिंबाचा पाला जाळून धूर केला, वाटीत गूळपाणी ठेवलं, तरी चुलीजवळच्या आंब्याच्या पाटीवर घोंगायलेतच. धाकटी जाऊ म्हणती, "अक्का, पितरांना दाखवल्याबगर आंबा खाता येत न्हाई. आखितीच्या सणाला थोरल्या भावजींच्या नावानं घागर भरू दिली असती, तर कुजले असते का?"

कामून भरू? पाच वर्षं झाली. रझाकारांच्या गडबडीत घरातून गेलेला माझा नवरा मेला म्हणून कुणी पाहिलंय? अन् आंबे त्यांनीच लावलेल्या झाडाचे, पहिल्यांदा लागलेले... फेकू तरी कसे? चिलटं हाकलता हाकलता रडूच आलं.

दिराला बजावलंय, बिदरच्या कचेरीत जाऊन बेपत्ता माणसांच्या यादीत त्यांचं नाव इचार. ते हैत का न्हाईत, सोमवारी मला सांग. तवर पाटी हालणार न्हाई.