अकरा ठोके

॥ श्री ॥
जुने शहर, अकोला
दि. ९ सप्टेंबर २०२४

चि. चंदा हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी सायकल आज सकाळी टेम्पोनं रवाना केली. टेम्पोवाला ओळखीचा आहे, तरी उतरवताना तू जवळ उभी राहा, नाहीतर पोत्यासारखी आपटेल. तू मास्तरीण झालीस तेव्हा बाबांनी घेऊन दिलेली ही सायकल वीस वर्षं जिन्याखाली धूळ खात होती, आणि आता अश्लेषाला नवी नको, हीच पाहिजे. भाचीला मामाची अक्कल मिळाली, आईची नाही, हे बरं झालं.

पायडलाचे दांडे, म्हणजे क्रँक, जुनेच ठेवलेत. तसं लोखंड आता मिळत नाही. मधला आस नवा, दोन्ही कटोऱ्या नव्या, प्रत्येक कटोरीत अकरा छर्रे आणि हात न आखडता ग्रीस. क्रँकला आसावर धरून ठेवणारी कॉटर पिनही दोन्हीकडे नवी घातली. तुला आठवत असेल, बाबा आपल्याला दुकानात पाटावर बसवून सांगायचे की ही करंगळीएवढी कॉटर अख्ख्या माणसाचं वजन पेलते. ती नट आवळून बसत नाही, हातोड्यानंच बसते. आधी ठक ठक असा मुका आवाज येतो, आणि नीट बसली की टण्ण वाजते. कॉटर बोलली की हात थांबवायचा. मी अकरा ठोके मारले, एक कमी नाही की एक जास्त नाही.

तीस-चाळीस किलोमीटर चालली की कॉटर पुन्हा ठोकून घ्यावी लागते, तेव्हा ती माझ्याकडेच पाठव. आपल्या घरच्या सायकलीला आजवर परक्याचा पाना लागला नाही, पुढंही लागू नये. आणि फोन करत जाऊ नको, पत्र लिही. फोनवर माणूस अर्धं बोलतं आणि अर्धं गिळतं. पत्र दोनदा वाचता येतं.

रुख्मिणीला जाऊन दीड वर्ष होत आलं. घर खायला उठतं, म्हणून मी दुकानातच असतो. तुझ्या दोन ओळी आल्या की दिवस बरा जातो, एवढं ध्यानात असू दे.

तुझा दादा
पुंजाराम

॥ श्री ॥
राजापेठ, अमरावती
दि. १८ सप्टेंबर २०२४

ती. दादास चंदाचा शि. सा. न. वि. वि.

सायकल सुखरूप पोचली. अश्लेषा रोज तिच्यावरून शाळेत शिकवायला जाते आणि शेजारपाजारी मामाचं गुणगान करत हिंडते. तिची मैत्रीण दीक्षा हिनं नऊ जणींचा गट जमवला आहे. ऑक्टोबरात राष्ट्रसंत महाराजांच्या पुण्यतिथीला या साऱ्या सायकलीनं मोझरीला जाणार, मौन श्रद्धांजलीला बसणार आणि दुसऱ्या दिवशी परत येणार. मी म्हटलं, अगं, एसटी आहे. तर मला म्हातारी म्हणाली.

एक सांगायचं आहे, रागावू नको. उजवा पाय खाली गेला की टक् असा आवाज येतो. ती गल्लीत वळली की मला स्वयंपाकघरात ऐकू येतो. कोपऱ्यावर जीवनचं सायकलीचं दुकान आहे, पोरगा गुणी आहे. त्यानं हात न लावताच पाहिलं आणि म्हणाला, काकू, क्रँक हलून राहिली, दोन मिनटात ठोकून देतो. अश्लेषानं सायकल ओढूनच घेतली. मामाच्या कामाले कोनी हात लावाचा नाई, असं त्याच्या तोंडावर म्हणाली. मी तिला दटावलं, पण खरं सांगू, मनातून बरंही वाटलं. बाबांची लेक ना मी.

पोळ्याला मी फोन केला होता, आठवतं? गुडघा कसा आहे विचारलं, तर तू म्हणालास, औंदा सोयाबीन बरं आहे. गुडघ्यात सोयाबीन पेरलंस का? वहिनी होती तोवर फोन तीच घ्यायची, तेव्हा तुझी खुशाली तरी नीट कळायची.

आवाजाचं काय ते कळव. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी
चंदा

॥ श्री ॥
जुने शहर, अकोला
दि. २४ सप्टेंबर २०२४

चि. चंदा हिस आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं. आवाज येणं शक्य नाही. टेम्पोत चढवण्याआधी मी स्वतः मोर्णेच्या पुलापर्यंत दोन फेऱ्या मारल्या, सायकल एकदम चूप होती. सीटची स्प्रिंग कुरकुरत असेल, नाहीतर चेनकव्हर घासत असेल. चाळीस वर्षं हा धंदा केला, आता कोपऱ्यावरचं पोट्टं मला कॉटर शिकवणार. त्याला म्हणावं, आधी हातोडा कोणत्या बाजूनं धरतात ते विचार.

सध्या मालच नरम येतो, हा भाग वेगळा. आपले किसनराव, मराठी शाळेचे रिटायर हेडमास्तर, त्यांची क्रँक परवा बाळापूर रोडवर सुटली. ते बोरीच्या काट्यात पडले आणि दुकानात येऊन माझ्यावर खेकसले. निदान तोंडावरून तरी खेकसल्यासारखे दिसले. मी पिन बदलून दिली आणि अकरा ठोके मारून परत पाठवलं. दोष पिनेचा, माझा नाही. परवा एक मोटारसायकलवालाही मागून अंगावरच आला आणि वर हॉर्न दिल्याचं सांगतो. आजकालच्या हॉर्नातही दम राहिला नाही.

सायकलीला कुणाचा हात लागू देऊ नको. मोझरीहून परत आली की इकडं पाठव, मी पाहतो. अश्लेषाला म्हणावं, मामाच्या कामावर बिनघोर बस.

दोन्ही घरांचा जिव्हाळा आहे तसाच राहो.

तुझा दादा
पुंजाराम

॥ श्री ॥
राजापेठ, अमरावती
दि. १५ ऑक्टोबर २०२४

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तीन आठवडे हे पत्र मनात लिहून खोडते आहे. आज टाकतेच.

आवाज वाढला आहे. आधी एक टक् होता, आता दोन आहेत, पाय खाली जाताना एक आणि वर येताना एक. अश्लेषाला सांगितलं की म्हणते, मामानं बिनघोर बस म्हणून लिहिलं आहे, तूच भित्री. तुझं ते पत्र तिनं आरशाला खोचून ठेवलंय. रविवारी, वीस तारखेला, सकाळी सहाला त्या निघणार. नागपूरचा हायवे तुला ठाऊक आहे, ट्रकामागून ट्रक असतात. रात्री डोळा लागला की मला टक् टक् ऐकू येतं आणि मी उठून बसते.

दादा, आता सरळ विचारते. तुला ऐकू येतं का? पोळ्याचं सोयाबीन मी हसण्यावारी नेलं. पण तुझ्या पत्रात किसनराव खेकसल्यासारखे दिसले असं लिहिलंस, ते मी दोनदा वाचलं. माणूस खेकसला की ऐकू येतं, दिसत नाही. बाबांचेही कान शेवटी याच हातोड्यानं गेले होते, आणि त्यांनीही ते आईपासून चार वर्षं लपवलं होतं.

माझी काही तक्रार नाही. जीवनला एकदा कॉटर ठोकू दे, एवढंच मागते. तू हो म्हटल्याशिवाय अश्लेषा ऐकणार नाही, आणि तुझा शब्द मोडायचा धीर मलाही होत नाही, याची मला लाज वाटते. एका शब्दाचं कार्ड टाक. नुसतं हो लिही.

वाट पाहते. रागावलास तरी राग पत्रातच कळव, अबोला धरू नको.

तुझी
चंदा

॥ श्री ॥
राजापेठ, अमरावती
दि. २२ ऑक्टोबर २०२४

ती. दादास शि. सा. न.

तुझं कार्ड आलं नाही. रविवारी त्या ठरल्या वेळी निघाल्या. मी फाटकाशी उभी होते, आणि तो आवाज चौकापर्यंत ऐकला.

सहा वाजून दहा मिनिटांनी तुझा फोन आला. मी पहिल्याच घंटेला उचलला. तू म्हणत होतास, चंदा, अश्लेषाले सायकलवर बसू देऊ नको, चंदा, कॉटर बसली नाई. मी म्हणत होते, दादा, ती निघाली. तू पुन्हा तेच म्हणालास. मग म्हणालास, कोनी आहे का तिकडं, आणि फोन ठेवलास. तू तीनदा केलास आणि तिन्ही वेळा मी होते. शेवटी ओरडत होते, शेजारचे धावत आले. तुला त्यातलं काहीच पोचलं नाही.

अश्लेषाचा फोन तिच्या पिशवीत होता, कुणी उचलेना. मी जीवनला उठवलं, तो मोटारसायकलनं मागे सुटला. नांदगाव पेठेच्या पुढं जरा चढ लागतो, तिथं ती पायडलावर उभी राहिली होती. उजवी क्रँक आसावर गरकन फिरली, पाय सटकला आणि ती रस्त्याच्या बाजूला पडली. मागं ट्रक होता. ड्रायव्हरनं गाडी पार दुभाजकावर घातली. दीक्षा सांगते की चाक वेणीपासून वीतभर अंतरावरून गेलं. जीवन पोचला तेव्हा सगळ्या रस्त्याच्या कडेला बसून होत्या.

उजवा घोटा दोन ठिकाणी मोडला आहे, काल स्क्रू घातले. नीट चालेल म्हणतात, पण वेळ लागेल. जीव वाचला. रविवारी तुझ्या शेजारच्या गोदाबाईंनी तुझ्यासाठी फोन केला तेव्हा मी एवढंच सांगितलं होतं की पोरगी जिवंत आहे, दादाला पाटीवर लिहून दाखवा.

ती अजूनही म्हणते, मामाची चूक नाई, मीच चढावर उभी राह्याले नको होतं. हे ऐकलं की मला बाहेर जाऊन रडावं लागतं. चूक तुझी आहे, दादा, आणि तेवढीच माझी. घरच्या मानाचं ओझं आपण दोघांनी मिळून त्या पोरीच्या पायावर ठेवलं.

सायकल जीवननं आणून अंगणात ठेवली. डावी कॉटर अजून जागेवर होती. मी त्याला म्हटलं, माझ्यासमोर ठोक. तू अकरा मारले होतेस, त्यावर त्यानं पाच मारले. पाचव्याला ती बोलली. टण्ण. तो म्हणाला, काकू, प्रत्येक पिन वेगळी येते, मोजून नाई चालत, आयकावं लागते.

भाऊबीजेला ये. शब्द फार झाले, माया त्याहून जास्त आहे, ती तशीच समज.

चंदा

॥ श्री ॥
जुने शहर, अकोला
दि. २७ ऑक्टोबर २०२४

चि. चंदा हिस आशीर्वाद.

तू विचारलंस त्याचं उत्तर नाही असं आहे. मला ऐकू येत नाही. पाच वर्षं होतील.

रुख्मिणीला माहीत होतं. ती दुपारचा डबा घेऊन दुकानात यायची आणि संध्याकाळपर्यंत बसून राहायची. लोक म्हणायचे, म्हातारा-म्हातारीचं काय सूत आहे. मी कॉटर ठोकायला घेतली की ती माझ्याकडे पाहायची, आणि कॉटर बोलली की मान हलवायची. मग मी हातोडा खाली ठेवायचो. आमचं कधी त्यावर बोलणं झालं नाही. ती गेल्यावर मान हलवणारं कुणी उरलं नाही. तिची मान बहुतेक वेळा अकराव्या ठोक्याला हलायची, म्हणून मी अकरा धरले.

तुझं पत्र मला शनिवारी दुपारीच मिळालं होतं. हे लपवत नाही. वाचलं, राग आला आणि डब्यात ठेवून दिलं. रविवारी पहाटे उठलो तर राग गेला होता आणि भीती उरली होती. किसनरावांची सायकल पुन्हा दुकानात आली होती. पेचकसाचं टोक क्रँकवर टेकवलं, मूठ दातात धरली आणि ठोकलं. कॉटर बसली की जबड्यात कळतं, चंदा. बाराव्याला कळलं नाही, तेराव्याला नाही, सतराव्याला कळलं. मग फोनकडे धावलो. हा उपाय मला आधी सुचला असता, पण तो करायचा तर मी बहिरा आहे हे आधी मला स्वतःला सांगावं लागलं असतं.

अश्लेषाला माझी चूक आहे म्हणून सांग. ती चूक नाही म्हणते त्यानं मला जास्त लागतं.

दुकान बंद ठेवलं आहे. काढलेल्या जुन्या कॉटर मी एका डब्यात टाकत आलो. रुख्मिणी गेल्यावर तो डबा रिकामा केला होता. आता मोजल्या तर एकशे चार निघाल्या, म्हणजे बावन्न सायकली. मी कधी नावं लिहिली नाहीत, गिऱ्हाईक मी सायकलीवरून ओळखतो. गोदाबाईंना सोबत घेऊन दारोदार जातो, मी ठोकतो आणि त्या मान हलवतात. एकतीस सापडल्या. त्यातल्या एकोणीस सैल होत्या. एक हिवरखेडला गेली आहे असं कळलं, तिकडं निरोप धाडला.

ती धरून एकवीस अजून सापडल्या नाहीत. म्हणून रोज सकाळी मोर्णेच्या पुलावर उभा राहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायडलांकडं पाहतो. परवा एक मुलगी शाळेच्या गणवेशात गेली. निळी सायकल, मडगार्डवर माझ्याच हातची लाल पट्टी. मी जिवाच्या आकांतानं हाक मारली. तिनं वळून पाहिलं, हसून काहीतरी म्हणाली, आणि उतारावरून निघून गेली. काय म्हणाली ते मला कळलं नाही. काल आणि आज ती आली नाही.

ती सापडल्याशिवाय भाऊबीजेला येणं होणार नाही. दरवेळी शेवटी लोभ मागतो, यावेळी माझ्यानं मागवत नाही.

पुंजाराम