गोलातला हात

३ फेब्रुवारी

चि. मधल्यास,
अ. उ. आ.

फोनवर तू हो हो म्हणतोस आणि करत काहीच नाहीस, म्हणून लिहिते आहे. आईच्या पंचाहत्तरीला आपला तो तळ्याकाठचा फोटो मोठा करून तिच्या भिंतीवर लावायचा, असं मी ठरवलं आहे. आई-बाबा खुर्च्यांवर, त्यांच्या मागे डावीकडे मी, उजवीकडे धाकटा. फोटो तू काढलास म्हणून तू त्यात नाहीस, पण बाकीच्यांची डोकी शाबूत आहेत हे नवलच. तो गोल आकारात हवा. गोलात बाबा, आई आणि मी. धाकट्याला कापून टाक.

का ते विचारू नकोस. बाबा शेवटचे दवाखान्यात होते, तेव्हा हा एकदाही तिकडे फिरकला नाही. त्याला मी पंचाहत्तरीलाही बोलावणार नाही. आईला वेळ बघून सांगेन.

दिवसभर मी लोकांच्या इमारतींचे नकाशे तपासते आणि रेषेबाहेर गेलेलं बांधकाम पाडायला लावते. तेव्हा गोल नीट काढ. तुझ्या भावोजींचा गुडघा सोडला तर इकडे सगळं ठीक आहे.

माया आहेच, काम वेळेत झालं तर वाढेलही.

तुझी ताई

८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दुकानात सगळ्यांसमोर फोडलं, ही चूक झाली. नमुना सोबत पाठवतो आहे.

तू धाकट्याला कापायला सांगितलंस, पण आम्ही असं कापत नाही. आधी संगणकावर एक गोल काढायचा, त्यावर फोटो ठेवायचा आणि फोटोला त्या गोलात अडकवायचं. मग गोलात येईल तेवढंच दिसतं. उरलेला फोटो कुठे जात नाही, फक्त दिसेनासा होतो. फोटो जरा सरकवला की गोलात दुसरंच माणूस येतं. म्हणजे धाकटा अजून तिथेच आहे, कडेला उभा राहून तुझ्या नावाने खडे फोडतो आहे. छपाईला देताना आम्ही सगळं एकजीव करतो, त्यानंतर काही हलत नाही.

गोल थोडा मोठा केला तर चौघंही मावतात. मी करून पाहिलं, छान दिसतं. तसं करू का?

आणखी एक. तुझा एक हात आई-बाबांच्या मागून जातो आणि गोलाच्या कडेला संपतो. तो पुढे कुठे जातो ते तुला आठवत असेल.

लोभ आटला तरी पत्रं आटू देऊ नकोस.

तुझा मधला

१२ फेब्रुवारी

चि. मधल्यास,
अ. उ. आ.

गोल मोठा करू नकोस. हात कुठे जातो ते आठवत नाही, आणि आठवत बसायला मला वेळ नाही. छापून थेट आईच्या पत्त्यावर पाठव. माझ्याकडे एवढी मोठी वस्तू ठेवायला जागा नाही.

तुझ्या नमुन्यात माझी हनुवटी दुहेरी दिसते. ती तेव्हा नव्हती.

तुझी ताई

२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी खाली बस. फोटो आईकडे पोचला आहे आणि तो तू सांगितलं होतंस तसा नाही.

माझ्याकडून फाइल एकजीव न करताच गेली. छपाईवाल्याने ती उघडली, तर गोलाआड त्याला अख्खा फोटो सापडला. त्याने पाहिलं, एक लहान पोरगं बाहेर राहिलं आहे. त्याला वाटलं, आमची नजरचूक झाली. त्याने फोटो सरकवला आणि पोराला आत घेतलं. गोल तेवढाच, त्यामुळे दुसऱ्या कडेचं कोणीतरी बाहेर जाणारच होतं. ती तू. त्याचं म्हणणं पडलं की मोठी माणसं समजून घेतात. मी त्याला सांगितलं की तो तुला ओळखत नाही.

दुकान टाकल्यापासून माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. तू आता काय म्हणणार ते मला माहीत आहे, तेवढं म्हणू नकोस. नवीन छापून देतो. आईकडचा परत मागायचं तेवढं तू बघ, मला धीर होत नाही.

राग ओसरला की आठवण काढ.

तुझा मधला

१ मार्च

चि. ताईस,
अ. आ.

फोटो मिळाला. जेवणाच्या टेबलासमोर लावून घेतला आहे. त्यात मी आहे, हे आहेत, धाकटा आहे, आणि तू नाहीस. मधल्याला फोन करून विचारलं, तर तो छपाईवाल्याची चूक म्हणाला आणि लगेच त्याला आवाज ऐकू येईनासा झाला. कोणाला बाहेर ठेवायचं होतं ते मला कळलं. मी म्हातारी झाले आहे, मठ्ठ झालेली नाही.

पण तुझा हात त्यात आहे. डाव्या कडेतून येतो, आमच्या पाठीमागून जातो आणि धाकट्याची कॉलर धरतो. त्या दिवशी तो दोनदा पळाला होता. ह्यांनी कंटाळून सांगितलं होतं की राहू दे, त्याच्याशिवायच काढा. तू ऐकलं नाहीस. शर्टाचं बटण तुटलं तरी तू त्याला सोडलं नाहीस.

दवाखान्यात तो आला नाही हे खरं आहे. मला ते अजून टोचतं, आणि मी त्याला तसं तोंडावर सांगितलं आहे. पण तो पहिल्यापासून पळकुटाच. त्याला धरून उभं करावं लागतं, आणि घरात ते फक्त तुलाच जमायचं.

हा फोटो मी परत देणार नाही. रविवारी कोणाला बोलवायचं ते तू ठरव. जावईबापूंना जिना चढू देऊ नकोस.

तुझी आई

३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

रविवारी आईची पंचाहत्तरी आहे. सकाळी दहाला तिच्या घरी ये. दवाखान्याचं मी विसरलेले नाही. ते जेवणानंतर बोलू, आणि तू पूर्ण ऐकून घेशील. त्याआधी मधला सगळ्यांचा फोटो काढणार आहे.

बाकी भेटल्यावर. येताना कॉलरचा शर्ट घाल.

तुझी ताई