ताटली कुजली की डुकराने खाल्ली?

प्रिय धाकट्या भावा इओआने,

थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. गुडघा कसा आहे? सरकारी खुर्चीत बसून गुडघा कसा दुखतो हे आमच्या गावात कुणाला उमगलेलं नाही, तरी रविवारी त्याच्यासाठी प्रार्थना झाली. इकडे बेटावर सगळे ठीक. तौसीने मात्र न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला जायचं ठरवलंय. एकुलती एक पोर. गेली की घर खायला उठेल. ती म्हणते, "आई, इथं काम मिळू दे, राहते." म्हणून हा ताटल्यांचा सगळा खटाटोप.

शाळांच्या जेवणाला मातीत कुजणारीच ताटली घ्यायची, हे तुमच्या खात्याने उत्तम केलं. पण गेल्या वर्षी तशी ताटली एकट्या सामुएलू व्यापाऱ्याने परदेशातून बोटीने आणली आणि भाव असा लावला की हेडमास्तर म्हणाले, आता पोरांना ताटलीच खायला घालतो. यंदा तुम्ही ठेक्याचे छोटे तुकडे पाडलेत, म्हणून आमची महिला समिती (घरोघरी अंगण झाडलंय का हे बघत फिरतो त्याच आम्ही) माडाच्या झावळ्यांच्या ताटल्या विणून पुढे सरसावली. तुझ्या साहेबांनी दोघांचे नमुने चर्चमागे पुरले आणि दीड महिन्याने उकरू म्हणाले. डुकरांना तेवढा धीर कुठला? दुसऱ्याच सकाळी तिथे खड्डा. समितीच्या शिस्तीप्रमाणे आम्ही तो बुजवला, झाडला, वर खडीही पसरली, आणि मग लक्षात आलं की हा तर परीक्षेचा खड्डा! साहेबांनी उकरलं तेव्हा सामुएलूची ताटली दातांच्या खुणांसकट हजर, आमची गायब. साहेब आनंदाने "पूर्ण कुजली" लिहायला लागले. बाया मिठाची गुळणी धरून उभ्या. पण शेजारी पाद्रीबाबा होते; माझ्या तोंडून डुक्कर निघालंच.

परीक्षा पुन्हा, कुंपणाच्या आत, या वेळी खडीशिवाय ओल्या मातीत. आमची कुजली, त्या मेल्या सामुएलूची पण कुजली. मग त्याने भाव निम्मा केला, आम्ही त्याच्याही खाली आलो, आणि पलीकडच्या सालेमोआ गावच्या बाया (विणतात कसल्या, गाठी मारतात) आमच्याही खाली! तरी सहा शाळा आम्हाला मिळाल्या. वाचलेल्या पैशांत पोरांच्या ताटलीत मासळी आली, हे बघून खरंच बरं वाटलं. स्पर्धा असावी बाबा, स्पर्धेने सगळ्यांचं भलं होतं.

तुझी,
लूपे

ता. क. पुढच्या ठेक्यात एवढी एक ओळ घाल: ताटली आमच्याच गावच्या माडाची हवी. पर्यावरणाच्या दृष्टीने.

ता. क. २ तौसीने पत्र वाचलं. म्हणाली, "सामुएलू एकटा होता तेव्हा तू त्याला लुटारू म्हणत होतीस. आता मामाकडून काय करून घेतेयस?" सालेमोआच्या बायांनी तिला विणकाम शिकवायला बोलावलंय, पगार देऊन! ती ओळ राहिली तर त्यांचं काम जाईल, आणि ती सफरचंदांकडे. पोर राहतेय, मला आणखी काय हवं? वरचा ता. क. खोडला आहे. उजेडासमोर धरला तर वाचता येतो, तेव्हा उजेडासमोर धरू नकोस.