पुढच्या दाराची बॅटरी

प्रिय छोट्या,

तुझा फोन मी मुद्दामच उचलत नाही. तू रडतोस, मी विरघळते, आणि मग तू हळूच विचारतोस, त्या दोघी कुठल्या खोलीत झोपतात? कागदावर तरी तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

तुझ्या बायकोच्या मनगटाचं प्लॅस्टर निघालं. तिला मी माझ्या शिलाई मशीनवर बसवलंय. कॉलर माझ्यापेक्षा सुबक लावते, पण मी तोंडावर कबूल करत नाही, उगाच शेफारेल. चिमी शाळेत जायला लागलीये. फक्त दारावरची बेल वाजली की अजून पलंगाखाली शिरते. एवढीशी पोर, आपल्या बापाला इतकी घाबरते! का, ते तुला मी लिहून सांगायला नको.

त्या पलंगापायीच मी घराबाहेर कॅमेरे लावून घेतले. एक पुढे, एक मागे, बॅटरीवर चालणारे, वायरीची भानगड नाही. पुढच्याचं नाव चिमीने एकडोळ्या ठेवलंय. थंडी कडाक्याची पडली आणि रोज सकाळी एकडोळ्या मेलेला. चार्ज करून लावावा, पुन्हा तेच. मला वाटलं, गारठतोय बिचारा. म्हणून मी त्याला फ्लॅनेलचं अंगडं शिवलं, डोळ्यापुरतं भोक ठेवून, बटणांसकट! कॅमेरे बसवणारा ते बघून पोट धरून हसला. म्हणाला, ताई, थंडीत बॅटरी लवकर उतरते हे खरं, पण तिला स्वतःची ऊब कुठली, की अंगड्यात टिकेल? घरात आणा, जरा निवांत उबेला येऊ द्या, मग चार्ज करा. गारठलेली तशीच लावलीत तर कायमची जाईल.

जाता जाता त्याने मागचा कॅमेरा बघितला. त्याची बॅटरी अर्ध्याहून जास्त शिल्लक. त्याचं हसू तिथेच मावळलं. थंडी दोन्हीकडे सारखीच आहे ताई, तो म्हणाला. समोर कुणी हललं की हा जागा होतो, रेकॉर्ड करतो, त्यात बॅटरी जाते. तुमच्या पुढच्या दारी कुणीतरी बराच वेळ असतं.

मी कधी ते रेकॉर्डिंग उघडूनच पाहिलं नव्हतं रे. फांदी हलली तरी फोन टुणटुणतो, म्हणून आवाजच बंद करून टाकला होता. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि बघायला बसले. फांदी, मांजर, दूधवाला. मग उजाडायच्या आधीच्या अंधारात एक माणूस, तोंडाला मफलर. चेहरा काही दिसेना. मग त्याने फाटक उघडलं. आपलं फाटक जमिनीला घासून किंचाळतं, सगळ्यांच्या हातून किंचाळतं. बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून खालची पट्टी धरून ते उचलून लोटायचं, हे फक्त आपल्या दोघांना माहीत. त्या माणसाने ते उचललं. नंतर तो चिमीच्या खिडकीशी गेला आणि कडी लागलीये का ते तावदान दाबून पाहिलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही तेच.

आई गेल्यावर तुला मी वाढवलं. म्हणून आधी मनाची समजूत घातली, लेकीची आठवण येत असेल. पण आठवण येणारा माणूस उजेडी येतो, बेल वाजवतो. खिडक्यांच्या कड्या चाचपत नाही. मला तुझी भीती वाटते, छोट्या. हे लिहिताना जीव तुटतोय, पण वाटते.

आज सकाळी दोघी इथून गेल्या. कुठे, ते मलाही माहीत नाही. मीच तिला सांगितलं, मला सांगू नकोस, तो रडला की माझ्या तोंडून निघून जाईल. त्यानंतर ते रेकॉर्डिंग मी पोलिसांना दिलं. तक्रारीवर सही माझी आहे, तिची नाही, तेव्हा राग काढायचा तर माझ्यावर काढ. ते आज तुझ्याकडे येतील. परक्याच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं. तुझ्या दाराखालून सरकवून मी पोलीस ठाण्याबाहेरच्या बाकावर जाऊन बसणार आहे. पळू नकोस. स्वतःच्या पायांनी ये. आत मी तुझ्यासोबत येईन, तुझा हात धरून येईन, पण तक्रार मागे घेणार नाही.

काही झालं तरी तुझीच,
ताई